‘विदर्भ’ आणि ‘वदिर्‌भ’ : मनाजोगत्या खिडक्यांची उलटतपासणी

पडद्यावर एकच शब्द एकाच वेळी दोन तऱ्हांनी लिहिलेला दिसत होता. लिब्रेऑफिसच्या पानात ‘विदर्भ’ नीट उमटला होता. त्याच फाइलचे नाव पडद्याच्या वरच्या पट्टीत होते आणि तिथे मात्र ‘वदिर्‌भ’ झाले होते. वेलांटी ‘व’ला सोडून ‘द’वर जाऊन बसली होती. रफार ‘भ’च्या डोक्यावर चढलाच नव्हता, पाय मोडका ‘र’ होऊन खालीच उभा होता. सीताबर्डीवरच्या एका डीटीपीच्या दुकानात हे घडले. दुकानातला ऑपरेटर माझ्या खांद्यावरून पाहत होता. तो म्हणाला, “सर, आत बरोबर अन् वर चूक, असं काहून जी?”

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. या लेखात ते देण्याचा प्रयत्न आहे. प्रश्न एका पट्टीतल्या एका शब्दाचा दिसतो, पण त्याचा माग काढत गेलो तेव्हा ‘तुम्हाला हवे तसे बदलून घ्या’ असे म्हणणाऱ्या संगणकीय साधनांबद्दलचे माझे मतच बदलले.

आधी प्रसंग सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. दुकानातल्या दोन जुन्या संगणकांत यातले काही नव्हते. यंत्रे चालत होती, फक्त त्यांच्यावर चालणारी प्रणाली म्हातारी ठरली होती. “फेकू का?” असे मालकांनी विचारले आणि मी उत्साहाने म्हणालो, “फेकू नका, मी बघतो.” मनगटाच्या दुखण्याने माउस सोडावा लागल्यापासून मी लिनक्सवर हलका विंडो मॅनेजर वापरतो. त्यावर माझी श्रद्धा होती, असे म्हटले तरी चालेल. एका यंत्रावर मी डेबियन आणि डीडब्ल्यूएम टाकून दिले. अर्ध्या तासात पहिली फाइल उघडली, आणि तिचे नाव होते ‘विदर्भ’.

खिडक्या मांडतो कोण?

विंडोज वापरणाऱ्याला विंडो मॅनेजर नावाची वेगळी वस्तू असते हे सहसा ठाऊक नसते, कारण तिथे ती प्रणालीच्या पोटातच असते. पडद्यावर खिडकी कुठे उघडावी, किती मोठी असावी, तिला चौकट असावी की नसावी, एकीवरून दुसरीवर कसे जावे, हे ठरवणारा कार्यक्रम म्हणजे विंडो मॅनेजर. खिडकीच्या आत काय लिहिले आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. घर बांधणारा वेगळा आणि घरात राहणारा वेगळा, तसे हे आहे.

ही फारकत मुद्दाम केलेली आहे. १९८४मध्ये एमआयटीत एक्स विंडो सिस्टिम तयार होऊ लागली तेव्हा तिच्या कर्त्यांनी एक तत्त्व धरले : आपण यंत्रणा द्यायची, धोरण द्यायचे नाही. खिडकी काढण्याची सोय एक्स देईल, ती कशी दिसावी आणि कशी वागावी हे दुसरा कोणीतरी ठरवील. हा ‘दुसरा कोणीतरी’ बदलता येत होता, म्हणून पुढच्या चाळीस वर्षांत असे डझनावारी कार्यक्रम लिहिले गेले. १९८७चा टीडब्ल्यूएम, १९९३चा एफव्हीडब्ल्यूएम, पुढे विंडो मेकर, एनलायटनमेंट, फ्लक्सबॉक्स. पैकी एफव्हीडब्ल्यूएमच्या मांडणीच्या फाइली लोकांनी वर्षानुवर्षे जपल्या, जशी एखाद्या घरात लोणच्याची कृती जपतात.

यात दोन घराणी आहेत. एका घराण्यात खिडक्या टेबलावर पसरलेल्या कागदांसारख्या एकमेकींवर पडतात. दुसऱ्यात त्या फरशीसारख्या शेजारी-शेजारी बसतात, कोणी कोणाला झाकत नाही. दुसरे घराणे नवे वाटते, पण तसे नाही. १९८५च्या विंडोज १.०मध्येही मुख्य खिडक्या शेजारी-शेजारीच बसत, एकमेकींवर चढत नसत. १९८७च्या विंडोज २.०मध्ये ती मुभा आली आणि फरशीची पद्धत मागे पडली. तिला पुन्हा उभारी दिली ती लिनक्सवरच्या प्रोग्रॅमरांनी : २००६चा डीडब्ल्यूएम, २००७चा एक्समोनॅड, २००९चा आय-थ्री, आणि त्याच आय-थ्रीचा वेलँडवरचा अवतार म्हणजे स्वे. आता विंडोज ११ आणि मॅकही खिडक्या शेजारी लावून देण्याची सोय मिरवतात.

जुळाऱ्याची केस

हे फरशीचे घराणे मला का आवडले, ते सांगितल्याशिवाय टीका करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मी प्रुफे वाचायला लागलो तेव्हा नागपुरात खिळ्यांचे छापखाने अजून होते. जुळारी केसपुढे उभा राहायचा. इंग्रजी जुळाऱ्याला वरची आणि खालची अशा दोन केसेसमध्ये सगळी अक्षरे मिळत. देवनागरीला जोडाक्षरे, मात्रा, रफार, अर्धी अक्षरे धरून शेकडो खण लागत आणि केसेस जुळाऱ्याच्या भोवती पसरलेल्या असत. तरी तो खाली पाहत नसे. डोळा हस्तलिखितावर आणि हात खणात. प्रत्येक खिळ्याची जागा ठरलेली, आणि ती जागा हाताला पाठ.

फरशीच्या विंडो मॅनेजरचा गुण हाच आहे. माझ्या पडद्यावर पहिल्या फळीवर डावीकडे मूळ प्रत आणि उजवीकडे प्रूफ असते, दुसरीवर शब्दकोश, तिसरीवर पत्रव्यवहार. एक कळ दाबली की ती फळी समोर येते. खिडकी शोधावी लागत नाही, ओढावी लागत नाही, झाकलेली उघडी करावी लागत नाही. प्रूफ वाचणे हे मुळातच दोन मजकूर शेजारी ठेवून करण्याचे काम आहे. एकमेकींवर पडणाऱ्या खिडक्यांत ते करताना निम्मा वेळ खिडक्या सरकवण्यात जातो. या पद्धतीवर आल्यावर माझे मनगट चार महिन्यांत सावरले. याचे श्रेय मी त्या साधनांनाच देतो.

त्यात भर म्हणजे हलकेपणा. डीडब्ल्यूएमच्या कर्त्यांनी आपला कार्यक्रम दोन हजार ओळींच्या आत ठेवण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले आहे. त्यात सेटिंगची खिडकी नाही. बदल करायचा तर मूळ फाइलीतली ओळ बदलायची आणि कार्यक्रम पुन्हा बांधून घ्यायचा. जुन्या यंत्रावर तो वाऱ्यासारखा चालतो. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात जुन्या संगणकाचा पंखा आणि खोलीतला कूलर यांची जी जुगलबंदी चालते, तीही कमी होते.

इतके गुण असलेल्या वस्तूत ‘विदर्भ’ मोडला. म्हणून मी तपासणीला तीन कसोट्या घेतल्या. तिन्ही मराठीच्या रोजच्या कामातल्या आहेत.

पहिली कसोटी : लिपी

देवनागरी मजकूर संगणकात उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो. ‘वि’ म्हणजे आधी ‘व’, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी यावी लागते. ‘र्भ’मध्ये ‘र’ आधी साठवला जातो, पण दिसतो ‘भ’च्या डोक्यावर. ही उलटापालट करण्याचे, म्हणजे अक्षरांची जुळणी करण्याचे काम वेगळ्या कार्यक्रमांचे असते. आज ते मुख्यतः हार्फबझ करतो आणि लिनक्सवर त्याच्या आधाराने पँगो हे ग्रंथालय ओळी मांडते. खिळ्यांच्या भाषेत, हार्फबझ हा संगणकातला जुळारी.

डीडब्ल्यूएम आपल्या पट्टीतला मजकूर थेट एक्सएफटी नावाच्या जुन्या मार्गाने काढतो. त्या मार्गात जुळारी नाही. जे अक्षर ज्या क्रमाने आले ते त्या क्रमाने ठेवले जाते. ‘नागपूर’ नीट दिसते, कारण त्यात उलटापालट नाही. ‘विदर्भ’ मोडतो. ‘तऱ्हा’मधला आपला खास मराठी ‘ऱ्ह’ तर सुटा होऊन लंगडतो. ऑपरेटरच्या प्रश्नाचे उत्तर हे होते : आत लिब्रेऑफिसकडे जुळारी आहे, वरच्या पट्टीकडे नाही.

आय-थ्री या कसोटीला उतरतो. त्याच्या पट्ट्या पँगोच्या साह्याने लिहिल्या जातात, म्हणून तिथे ‘विदर्भ’ विदर्भच राहतो. पण आय-थ्रीच्या मूळ मांडणीत कार्यक्रम उघडण्यासाठी जो डीमेन्यू दिलेला असतो तो डीडब्ल्यूएमच्याच घरातला, आणि तिथे जुळारी पुन्हा गायब. त्याच्या जागी रोफी घेतला तर अडचण मिटते, पण हे माहीत असावे लागते.

डीडब्ल्यूएमलाही पँगो जोडणारे पॅच बाहेरच्या लोकांनी केलेले आहेत, ते न सांगणे अन्याय होईल. मात्र पॅच लावणे म्हणजे सी भाषेतल्या फाइलीवर ठिगळ लावून ती पुन्हा बांधणे. सीताबर्डीच्या दुकानात हे करणार कोण?

दुसरी कसोटी : कळफलक

माउस सोडलेल्या माणसाचे सगळे काम शॉर्टकटवर चालते. आय-थ्रीत सुपर आणि डी दाबले की कार्यक्रमांची यादी येते, एफने खिडकी पूर्ण पडदा व्यापते, एचने पुढची खिडकी शेजारी उघडते. आता इनस्क्रिप्ट कळफलक चालू करा. त्यावर डी म्हणजे हलन्त, एफ म्हणजे पहिली वेलांटी, एच म्हणजे ‘प’. मी ‘सुपर-डी’ दाबतो, यंत्राला ऐकू येते ‘सुपर-हलन्त’. काही इनस्क्रिप्ट मांडण्यांत वरच्या ओळीतले आकडेही देवनागरी असतात, आणि यंत्राच्या लेखी ‘१’ आणि इंग्रजीतला एक या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

मुद्दा असा की शॉर्टकट कशाला बांधायचा, अक्षराला की कळेच्या जागेला? इंग्रजी एकाच कळफलकावर लिहिणाऱ्याला हा फरक कधी जाणवत नाही. मराठी लेखक दिवसातून शंभरदा कळफलक पालटतो, त्याला तो लगेच जाणवतो. आय-थ्रीत दोन्ही पर्याय आहेत, बाइंडसिम अक्षराला बांधतो आणि बाइंडकोड जागेला. स्वेमध्ये शॉर्टकट अक्षरानेच लिहून तो जागेला बांधून देणारा ‘टू-कोड’ असा जादा शब्द आहे. तो घातला नाही, तर मराठी कळफलक चालू असताना शॉर्टकट मुके होण्याची पाळी येते. आयबस वापरून कळफलक बदलला तर ही अडचण बरीचशी टळते, कारण तिथे मूळ मांडणी इंग्रजीच राहते आणि मराठी अक्षर वरून घडवले जाते.

म्हणजे उपाय आहेत. मात्र ते शोधणाऱ्यालाच सापडतात. रशियन, ग्रीक, अरबी लिहिणारेही याच खड्ड्यात पडतात, आणि अशा लोकांनी तक्रारी केल्या म्हणून पर्याय आले.

तिसरी कसोटी : नावे

ही कसोटी सोपी वाटली, पण तिने मला सर्वांत जास्त विचार करायला लावले. आय-थ्रीत फळ्यांना नावे देता येतात. माझ्या फळ्या आहेत ‘१ प्रूफ’, ‘२ कोश’, ‘३ पत्रे’. मांडणीच्या फाइलीत टिपा मराठीत लिहिता येतात आणि मी तशा लिहिल्या आहेत. पण आज्ञा इंग्रजीत आहेत आणि मार्गदर्शक पानेही इंग्रजीत. मेन्यूच नसल्यामुळे भाषांतर करायलाही काही उरत नाही. ‘आमच्या साधनाला भाषाच नाही’ असे हे लोक अभिमानाने म्हणू शकतील. प्रत्यक्षात ते साधन इंग्रजीतच बोलते, फक्त ते पडद्यावर बोलत नाही, फाइलीत बोलते.

कमी पर्याय, जास्त मराठी

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. ग्नोम हा लिनक्सवरचा संपूर्ण डेस्कटॉप, १९९७मध्ये सुरू झालेला. त्याच्यावरचा जुना आरोप असा की तो वापरणाऱ्याला काही बदलू देत नाही. २००२मध्ये त्याचे एक प्रमुख प्रोग्रॅमर हॅवक पेनिंग्टन यांनी एक निबंध लिहून मांडले होते की प्रत्येक पर्यायाची किंमत असते. तो तपासावा लागतो, सांभाळावा लागतो, आणि पर्यायांच्या गर्दीत चांगले मूळ रूप घडवण्याची जबाबदारी टळते. २०११मध्ये ग्नोम ३ आला तेव्हा खिडकी लहान-मोठी करण्याची बटणेसुद्धा मूळ रूपातून गेली आणि लोक इतके चिडले की जुना ग्नोम जिवंत ठेवण्यासाठी ‘माते’ हा स्वतंत्र डेस्कटॉप जन्माला आला. मीही तेव्हा चिडलेल्यांतच होतो.

त्याच ग्नोममध्ये ‘विदर्भ’ मोडत नाही, कारण पँगो त्याच्या पायातच आहे. सुपर आणि स्पेस दाबले की कळफलक पालटतो. सेटिंग, मेन्यू, तारखा मराठीत येतात. सगळेच शब्द मराठीत येतात असे नाही, पण ज्याने एकही ओळ बदललेली नाही अशा माणसाला यंत्र मराठीत भेटते. केडीईचेही तसेच, आणि तिथे पर्यायही भरपूर आहेत. यामागे पुण्यात बसून केलेले पुष्कळ काम आहे : इनस्क्रिप्ट रुजवणारे सी-डॅक, रेड हॅटचे लोहित फाँट आणि तिथल्या भाषांतरकारांनी व स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे एकेक ओळ करून लावलेले मराठी शब्द.

ज्याला आम्ही हुकूमशहा म्हटले त्याच्या राज्यात मराठीला जागा मिळाली, आणि ज्याला स्वातंत्र्याचा झेंडा म्हटले तिथे ती दारात अडली. हे पटवून घ्यायला मला वेळ लागला.

माझे म्हणणे असे. सेटिंगची यादी ही साधन बनवणाऱ्याच्या गरजांची यादी असते. डीडब्ल्यूएममध्ये चौकटीची जाडी ठरवता येते, रंग ठरवता येतात, मुख्य खिडकीने पडद्याचा किती भाग घ्यावा हे ठरवता येते. या गोष्टी बनवणाऱ्याला बदलाव्याशा वाटल्या. अक्षरे जुळवायची की नाही, याचे सेटिंग तिथे नाही, कारण जुळणीची गरज त्याला कधी पडली नाही. त्याने मराठीला नकार दिलेला नाही, मराठी त्याच्या मनातच आली नाही. ‘हवे तसे बदला’ या वाक्यातले ‘हवे’ आधीच कोणाचे तरी असते.

आणि जुळणीची गरज ज्यांना पडली ते कोण? हार्फबझ नव्याने लिहून आजच्या रूपाला आणणारे बेहदाद इस्फाहबोद मूळचे इराणचे, ज्यांच्या लिपीत अक्षरे शेजाऱ्यानुसार रूप बदलतात. हार्फबझ हे नावही फारसी, त्याचा अर्थ ‘खुले अक्षर’. ‘हरफ’ आपल्याला अनोळखी नाही. पँगो हे नाव ‘सर्व’ या अर्थाचा ग्रीक शब्द आणि ‘भाषा’ या अर्थाचा जपानी शब्द जोडून केलेले. ज्यांना लागले त्यांनी ते सर्वांसाठी, खाली पायात बांधले. म्हणून आय-थ्रीला देवनागरीसाठी वेगळे कष्ट पडले नाहीत, त्याने सामाईक ग्रंथालय घेतले आणि आपल्यालाही वाटा मिळाला. मराठीला पडद्यावर जे स्वातंत्र्य मिळाले आहे ते एकेकट्याने मांडणीची फाइल घासूनपुसून मिळालेले नाही, या सामाईक कामातून मिळाले आहे.

हलक्या विंडो मॅनेजरांच्या चाहत्यांत आपापल्या पडद्याची छायाचित्रे दाखवण्याची हौस फार आहे. रंगसंगती, अर्धपारदर्शक चौकटी, मागे डोंगराचे चित्र. तिच्याशी माझे भांडण नाही, माझ्याही पडद्यामागे अंबाझरी आहे. पण समीक्षकाने त्या चित्रावरून साधनाची किंमत करू नये. त्याने एकही ओळ न बदलता ‘विदर्भ’ नावाची फाइल उघडून बघावी. किती बदलता येते यापेक्षा काही न बदलता काय बरोबर राहते, ही कसोटी मला जास्त न्याय्य वाटते. बदलण्यासाठी वेळ लागतो, इंग्रजी लागते, आणि चुकले तर दुरुस्त करून देणारा ओळखीचा माणूस लागतो. हे तिन्ही ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठीच पर्याय हे स्वातंत्र्य असते.

दुकानात परत

मी डीडब्ल्यूएम काढला आणि त्या यंत्रावर आय-थ्री टाकला. शॉर्टकट कळेच्या जागांना बांधले, डीमेन्यूच्या जागी रोफी ठेवला, फळ्यांना मराठी नावे दिली. ‘विदर्भ’ दोन्हीकडे बरोबर दिसला. ऑपरेटरने तीन दिवसांत कळा पाठ केल्या. त्याच्या हाताला रेमिंग्टनची सवय आहे, पाठ करणे त्याला नवे नाही. स्कॅन केलेले हस्तलिखित डावीकडे, टंकन उजवीकडे, ही मांडणी त्याला इतकी रुचली की तो म्हणाला, “हे तं आधीच पाहिजे होतं जी.”

तरी त्या यंत्रावर तो फक्त नवा मजकूर टाइप करतो. पानांची मांडणी अजून शेजारच्या विंडोजवर होते, कारण दुकानातली वीस वर्षांची कामे युनिकोडपूर्व फाँटांत आणि पेजमेकरच्या फाइलींत आहेत. तिथे कुठलाही विंडो मॅनेजर उपयोगाचा नाही. दोनपैकी एक यंत्र वाचले, दुसरे जुन्या कामांसाठी इंटरनेटशिवाय ठेवले आहे. मी दिलेला शब्द अर्धाच पाळला गेला.

मी बदललेल्या सगळ्या ओळींवर त्या फाइलीत मराठीत टिपा लिहून ठेवल्या आहेत : ही ओळ कशासाठी, काढली तर काय होईल. परवा मालकांचा फोन आला होता. ऑपरेटरने त्या टिपा वाचून स्वतःच एक चौथी फळी वाढवली होती आणि तिला नाव दिले होते ‘४ दिवाळी अंक’. मालकांची तक्रार एवढीच होती की आता त्यांना त्या यंत्रावर काही सापडत नाही.